आप्तमेळाव्यातील खेळांची आखणी

वसंत ऋतूत आपल्याकडे दोन गोष्टींना बहर येतो : एक व्याख्यानांना आणि दुसरा आप्तेष्टांच्या मेळाव्यांना. व्याख्यानांची आखणी कित्येक महिने आधी होते. वक्ता, विषय, वेळ, अध्यक्ष, इतकेच काय, आभार कोणी मानावयाचे हेसुद्धा ठरलेले असते. आप्तमेळाव्याची आखणी मात्र गाडीची तिकिटे आणि जेवणाचा बेत यांपलीकडे सहसा जात नाही. चार माणसे जमली की मजा आपोआप होते, असे आपण धरून चालतो. आम्ही गेली तीस वर्षे कामगार संघटनेत माणसे जमविण्याचेच काम करीत आहोत. आमचा अनुभव असा की, माणसे जमली म्हणून आपोआप काहीच होत नाही; सभा होत नाही, संप होत नाही आणि मजाही होत नाही. म्हणून हा विषय कोणास हलका वाटला, तरी तो येथे जरा विस्ताराने मांडण्याचे आम्ही ठरविले आहे.

विषय हलका नाही, कारण सुट्टी ही वस्तूच हलकी नाही. मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली ती १० जून १८९० पासून, आणि तीसुद्धा नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरवून, अर्जांवर सह्या घेऊन अनेक वर्षे पाठपुरावा केल्यानंतर. पुढे १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने भरपगारी रजेचा हिशेब घातला : वीस दिवस काम केले की एक दिवस रजा. असे एकेक दिवस साठवून माणूस दोन दिवस आपल्या माणसांसाठी काढतो. ते दोन दिवस कोणाचे कसे गेले, याचा विचार करणे हे हलके काम खासच नव्हे.

दुसरेही एक कारण आहे. पूर्वी कोकणातून मुंबईत आलेल्या माणसाला आप्तांची भेट ठरवावी लागत नसे. परळ-लालबागच्या चाळीत गावकीची खोली असे, तेथेच गाव भेटे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतरच्या काळात गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, खोल्या सुटल्या. एका भावाचे घर विरारला गेले, दुसऱ्याचे बदलापूरला, तिसरा गावी परतला. चुलत भावंडे एकमेकांस तोंडाने ओळखीत नाहीत, परंतु सातबाऱ्यावर त्यांची नावे एकाखाली एक आहेत, अशी घरे आम्हांस पुष्कळ ठाऊक आहेत. अशा घरांना मेळाव्याची गरज आहे, आणि मेळाव्याला आखणीची.

हिशेबाच्या सोयीसाठी आपण एक मेळावा धरू. जागा रत्नागिरी जिल्ह्यातील एक गाव, वेळ मे महिन्याचा मध्य, मुदत दोन दिवस, माणसे साठ. पैकी मुले बारा, पासष्टीच्या पुढची वडीलधारी मंडळी दहा, आणि उरलेली अडतीस कामाची माणसे.

या मेळाव्यातील खेळांची आखणी मैदानापासून नव्हे, चुलीपासून सुरू करावी. साठ माणसांना एका वेळी दोन दोन भाकऱ्या म्हटल्या तरी एकशे वीस भाकऱ्या झाल्या. एक भाकरी थापून, भाजून उतरविण्यास अडीच मिनिटे धरली, तर एका तव्यावर तीनशे मिनिटे, म्हणजे पाच तास लागतात. हे केवळ भाकऱ्यांचे. तेही एका जेवणाचे, तेही मे महिन्यात आगीपाशी बसून. त्यानंतर वीस वीस माणसांच्या तीन पंगती, पंगतीला चाळीस मिनिटे, म्हणजे दोन तास वाढण्यात गेले. ज्यांनी रांधले त्या बहुधा तिसऱ्या पंगतीला बसतात. त्यांची पाने उचलून होतात न होतात तोच चहाची वेळ होते. मग कोणीतरी उत्साहाने म्हणतो, "वहिनी, आता जरा फुगडी घाला की, आम्ही फोटो काढतो." ज्या बाईचे पाय सकाळपासून दुखत आहेत, तिच्या फुगडीचा तो फोटो पुढे घरोघर पाहिला जातो आणि मेळावा फार छान झाला असे सर्वजण म्हणतात.

स्वयंपाक हे श्रम आहेत, ही गोष्ट गिरणगावाला नवी नाही. गावी कुटुंब ठेवून मुंबईत एकट्या राहणाऱ्या हजारो कामगारांना खानावळवाल्या बायकांनी जेवू घातले. १९७५ साली प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने या बायकांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले, तेव्हा या श्रमांना संघटनेचे बळ मिळाले. जी गोष्ट आपण बाजारात मान्य केली, ती घरच्या मेळाव्यात नाकारण्याचे कारण नाही.

तेव्हा गिरणीतलाच उपाय करावा : पाळ्या लावाव्यात. दोन दिवसांच्या सकाळ-संध्याकाळ मिळून चार पाळ्या होतात. कामाची माणसे अडतीस. म्हणजे दर पाळीला नऊ-दहा माणसे आली आणि प्रत्येकाच्या वाट्याला चारांतली एकच पाळी आली. उरलेल्या तीन पाळ्या तो मोकळा. प्रत्येक पाळीत निम्मे पुरुष, निम्म्या बायका असाव्यात. ज्याला भाकरी थापता येत नाही त्याला नारळ खवता येतो, पाणी भरता येते, टोप घासता येतो, वाढता तर येतेच. एक सूचना मात्र अनुभवाची आहे. नवरा-बायकोंना एका पाळीत घालू नये. घातले तर नवऱ्याचे काम सवयीने बायकोच्या हातात जाते, आणि तिलाही ते काढून घेतल्यावाचून राहवत नाही. जावईबापूंना पाळीतून सूट देऊ नये. दोन दिवस पाटावर बसून राहण्याचा कंटाळा त्यांनाही येतच असतो.

बेतही पाळीला झेपेल असा ठेवावा. भात, आमटी, काळ्या वाटाण्याची उसळ, आंब्याचा रस, एवढ्यावर कोणी उपाशी राहत नाही. भाकरी हवीच असेल तर ती एका संध्याकाळी खेळ म्हणून करावी. अंगणात तीन चुली मांडाव्या, पुरुषांनी थापावे, आत्याबाईंनी आणि मावशींनी परीक्षक व्हावे. पंगतीला पहिल्या खेपेस मुले, म्हातारी माणसे आणि त्या पाळीला राबलेली मंडळी बसवावी. गावातील बायकांना मोलाने स्वयंपाकास बोलावले, तर मजुरीत घासाघीस करू नये आणि त्यांचे जेवण भांडी घासून झाल्यावर उरलेल्यावर ढकलू नये. आपली सुट्टी साजरी करताना दुसऱ्याच्या घामाचे मोल पाडणे शोभत नाही.

चूल मार्गी लागली की मग वेळ पाहावी. कोकणातल्या मे महिन्यात दुपारी मैदानावर कोणी टिकत नाही. सकाळी सात ते नऊ आणि सायंकाळी पाचनंतर धावण्याचे खेळ, दुपारी पडवीत किंवा आंब्याच्या सावलीत बैठे खेळ, आणि रात्री अंगणात गाणी, नाच व गप्पा, अशी विभागणी ठेवावी. दुपारचे दोन तास पूर्ण मोकळे सोडावेत. ज्याला निजायचे त्याने निजावे, ज्या दोघी बहिणी पाच वर्षांनी भेटल्या त्यांनी ओटीवर बसून बोलावे. त्या दोन तासांत ध्वनिक्षेपक बंद असावा.

आता खेळांची निवड. अशा मेळाव्यांतून संगीत खुर्ची हमखास असते. तिचाही हिशेब करून पाहा. तीस माणसे खेळावयास उभी राहिली तर एकोणतीस फेऱ्या होतात. पहिल्या फेरीत बाद झालेला उरलेल्या अठ्ठावीस फेऱ्या बाहेर बसून पाहतो. आणि पहिल्या फेरीत बाद कोण होतो? बुजरे पोर, गुडघा दुखणारी मावशी, कानाने कमी ऐकणारे काका. म्हणजे ज्यांना खेळात ओढून घ्यावयाचे, त्यांनाच हा खेळ सर्वांआधी बाहेर काढतो.

आपल्या कबड्डीत या प्रश्नाचे उत्तर जुन्या काळीच सापडले होते. गामिनी पद्धतीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राहतो. संजीवनीत आपल्या संघाने समोरचा गडी मारला की आपला एक गडी जिवंत होऊन परत येतो. अमर पद्धतीत बाद झालेला गडी मैदान सोडतच नाही. त्याचा गुण समोरच्याला मिळतो आणि खेळ चालू राहतो. स्पर्धेसाठी कोणती पद्धत बरी हे जाणत्यांनी ठरवावे. आप्तमेळाव्याचे सर्व खेळ मात्र आम्ही अमर पद्धतीने खेळू. संगीत खुर्चीतसुद्धा दर फेरीला खुर्ची काढावी, माणूस काढू नये. तीस माणसांनी उरलेल्या पंचवीस, मग वीस, मग पंधरा खुर्च्यांवर कशीबशी सामावून बसावे, आणि शेवटी सर्वांनी एका सतरंजीवर. जिंकावयाचे ते सर्वांनी मिळून, आणि हसू तर पहिल्या प्रकारापेक्षा दुप्पट.

लगोरीही अशीच वळविता येते. सात चपटे दगड आणि एक मऊ चेंडू एवढेच तिचे भांडवल. लगोरी फोडावी लहान मुलाने, धावावे तरुणांनी, आणि दगड रचण्याचे काम बाकावर बसलेल्या आजीकडे द्यावे. तरुणांनी दगड तिच्या हातापर्यंत पोहोचवावयाचे. रचणाऱ्याला चेंडू मारावयाचा नाही, एवढा एक नियम जादा. विटीदांडू खेळावयाचा तर विटीच्या समोर लहान मुले उभी राहू देऊ नयेत, कारण डोळ्याला इजा होऊ शकते. परंतु हा खेळ वगळू नये. वकट, लेंड, मुंड ही त्याची मोजणी आज कित्येक घरांत केवळ आजोबांनाच येते, आणि आजोबांना सत्काराच्या शालीपेक्षा शिकविण्याचे काम अधिक मानवते. दुपारी सागरगोटे, सारीपाट, पत्त्यांत बदाम सात, आणि गावांच्या भेंड्या ठेवाव्यात. पैसे लावून पत्ते नकोत, आणि चौघांनी मेंढीकोट मांडून दोन दिवस त्यातच बुडून जाणेही नको.

संघ पाडताना फार जपावे. थोरल्याचे घर विरुद्ध धाकट्याचे घर, असे संघ कदापि पाडू नयेत. तसे केले की बांधाचे भांडण मैदानात उतरते. संघ चिठ्ठ्या टाकून पाडावेत, आणि प्रत्येक संघात एक वडीलधारे, एक लहान मूल व एक बाहेरून घरात आलेले माणूस, म्हणजे सून वा जावई, येईल असे पाहावे. आम्ही पाहिलेल्या एका मेळाव्यात नऊ वर्षे एकमेकांशी न बोललेले दोन चुलत भाऊ चिठ्ठीने एका संघात आले. खेळाने त्यांचे वैर मिटले असे आम्ही म्हणणार नाही. मात्र लगोरी रचताना "दगड इकडे टाक" एवढे शब्द एकाने उच्चारले आणि दुसऱ्याने दगड टाकला. त्यापूर्वी त्यांचे बोलणे वकिलांमार्फत चाले. याच कारणाने आणखी एक नियम हवा : या दोन दिवसांत सातबारा काढावयाचा नाही. जमिनीची बोलणी आवश्यक असतात, पण त्यांची बैठक वेगळ्या तारखेला, कागदपत्रांसह व्हावी. वाटाघाटीचे मेज आणि जेवणाचे पान एकत्र मांडले की दोन्ही बिघडतात, हे आमच्या धंद्यातले सत्य आहे.

रात्रीच्या कार्यक्रमाला सत्कारांची फार बाधा होते. वीस सत्कार आणि प्रत्येकी पाच मिनिटे म्हणजे शंभर मिनिटे शाल-नारळात गेली, तोवर मुले झोपली. एकही सत्कार न ठेवता प्रत्येक घराला सात मिनिटे द्यावीत. त्यात कोणी भजन म्हणावे, कोणी नक्कल करावी, कोणी नुसती गोष्ट सांगावी. रत्नागिरीच्या घरात जाखडी जाणणारा एखादा तरी असतोच. शक्तिवाले आणि तुरेवाले यांच्या सवाल-जवाबाचा सराव पोरांना दुपारी दिला, तर रात्री अंगण आपोआप भरते.

हळदीकुंकू ठेवावयाचे असेल तर ते सर्व बायकांना द्यावे. ते जमणार नसेल तर ठेवूच नये. ज्या कार्यक्रमात घरातील विधवा काकू आत जाऊन बसतात, तो करमणुकीचा कार्यक्रम नव्हे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. जे एका गावाला करता आले, ते एका घराला अशक्य नसावे.

आता एका खेळाविषयी जरा अधिक सांगतो. पुष्कळ घराण्यांचे छापील कुलवृत्तांत आहेत. कामगारांच्या घरांचे सहसा नसतात. पण कागद असतात : गिरणीचा पास, पगाराची चिठ्ठी, बिल्ला, जुने रेशनकार्ड, एखादा धोटा. प्रत्येक घराने अशी एक वस्तू आणावी. ती मध्ये ठेवून मुलांना विचारावे, "ओळखा पाहू, हे काय?" साचेखाते म्हणजे कापड विणण्याचे खाते, धोटा त्यात इकडून तिकडे धावतो, हे ज्याने साचे चालविले त्यानेच सांगावे, आणि मुलांनी ते मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावे. मोबाईल काढून घेण्यापेक्षा त्याला असे काम लावणे बरे. मग एका मोठ्या कापडावर घराचा वृक्ष काढावा. त्यात लेकी आणि त्यांची मुले वगळू नयेत. लग्न झाले म्हणून फांदी तुटत नाही. प्रत्येक नावासमोर त्या व्यक्तीने केलेले काम लिहावे. बाईच्या नावापुढे 'गृहिणी' एवढेच लिहून भागवू नये. कोणी खानावळ चालविली, कोणी भात लावले, कोणी वाइंडिंग खात्यात उमेदीची वर्षे काढली, कोणी संपाच्या काळात चार घरची भांडी घासून मुलांच्या फिया भरल्या, ते लिहावे. हा खेळ सुरू झाला की पोरे जागची हलत नाहीत, असे आम्ही वारंवार पाहिले आहे.

पैशाचे दोन शब्द. वर्गणी ऐपतीप्रमाणे, बंद पाकिटात घ्यावी. कोणी किती दिले याचा उच्चार होऊ नये; खर्चाचा हिशेब मात्र पैशापर्यंत वाचून दाखवावा. सर्वांनी एका रंगाचे सदरे शिवून आणावेत असली फर्माने काढू नयेत. पाच माणसांच्या घराला ती झेपत नाहीत, आणि न झेपल्याचे ते सांगत नाहीत, येणेच टाळतात. बक्षिसे असलीच तर सर्व मुलांना सारखी द्यावीत.

यावर कोणी म्हणेल, की मेळाव्याला कारखान्यासारखी शिस्त लावली तर मजा ती काय उरली? आक्षेप विचार करण्याजोगा आहे. पण आखणी केली नाही, तरी आखणी असतेच. ती सवयीने केलेली असते, आणि तिच्यात कोणी बसावयाचे व कोणी राबावयाचे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. आपण कागदावर पाळ्या मांडतो त्या ही जुनी आखणी मोडण्यासाठी. शिवाय न खेळण्याचा हक्क प्रत्येकाला असावा. ज्याला झाडाखाली बसून नुसते पाहावयाचे आहे, त्याला हाताला धरून ओढू नये. मात्र ती व्यक्ती दमली म्हणून बसली आहे, की तिला कोणी बोलावलेच नाही, एवढे पाहण्याचे काम एका माणसाकडे नेमून द्यावे.

शेवटच्या सकाळी अर्धा तास राखून ठेवावा. त्यात हिशेब वाचावा, वही पुढच्या यजमानाकडे सोपवावी, आणि तो यजमान या खेपेस एखाद्या लेकीचे घर असावे. मग सर्वांना एकच प्रश्न विचारावा : तुम्ही कोणता खेळ खेळलात? साठांपैकी ज्यांना उत्तर देता येणार नाही, त्यांची नावे त्याच वहीत पहिल्या पानावर लिहावीत. पुढच्या मेळाव्याची आखणी त्या नावांपासून सुरू करावयाची आहे.